मॅट्स सुंदीन: कप एकही नाही, तरी टोरोंटो त्याच्यावर एवढं का मरतं?

डावखुरा बंड्या: १९९७ ते २००८ हा स्वीडिश खेळाडू टोरोंटोच्या आईस हॉकी संघाचा, मेपल लीफ्सचा, कप्तान होता. या काळात स्टॅन्ली कप (उत्तर अमेरिकेतल्या NHL लीगचं विजेतेपद) शून्य. तरी इथे त्याचं नाव काढलं की भलेभले हळवे होतात. त्याच्या खेळाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. लीफ्ससाठी ४२० गोल काही गंमत नाही. माझा राग २००८ च्या फेब्रुवारीवर आहे. संघ गटांगळ्या खात होता, याचा करार उन्हाळ्यात संपणार होता. अशा वेळी क्लब मोठा खेळाडू कपच्या शर्यतीतल्या संघाला देतो आणि बदल्यात तरणी पोरं, ड्राफ्टचे (नवे खेळाडू निवडण्याचे) हक्क पदरात पाडून घेतो. पण करारातल्या कलमामुळे त्याच्या होकाराशिवाय त्याला हलवता येईना, आणि तो नाही म्हणाला. लीफ्सच्या हाती धुपाटणं.

मिसिसागाची माई: वर्षभर निष्ठेच्या नावाने गळे काढायचे आणि माणूस 'मी जात नाही' म्हणाला की तो स्वार्थी! ते कलम क्लबनेच सही करून दिलं होतं ना? शेवटच्या दोन-तीन महिन्यांपुरतं कुणाच्या तरी संघात घुसून जिंकलेला कप त्याला नको होता. मला तर यातच त्याचा मोठेपणा दिसतो.

डावखुरा बंड्या: मग त्याच डिसेंबरात, अर्धा मोसम बाकी असताना, व्हँकुव्हरच्या संघाशी करार कसा केला? तेव्हा तत्त्व कुठे गेलं?

मिसिसागाची माई: करार संपला होता, मोकळा होता तो. तुमच्यासारखे रुसलेले तेव्हाही होते. २१ फेब्रुवारी २००९ ला तो व्हँकुव्हरकडून टोरोंटोत खेळायला आला तेव्हा आधी थोडी हुर्यो झालीच. मग जुनी दृश्यं पडद्यावर दाखवली आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. याचे डोळे भरलेले. आणि शेवटी शूटआउटमध्ये (बरोबरी फोडायला एकेकाने गोलकीपरसमोर गोल मारायची फेरी) लीफ्सविरुद्ध विजयी गोल मारला तो यानेच!

उप्साला_पुणे: टोरोंटो म्हणजे जग नव्हे हो. स्वीडनमध्ये लाडका खेळाडू म्हणजे फोर्सबर्ग! १९९४, लिलेहामरचं ऑलिंपिक, फायनलला समोर कॅनडा, आणि शूटआउटमध्ये एका हाताने सरकवलेला त्याचा तो गोल. आईस हॉकीतलं स्वीडनचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. त्या गोलचं पोस्टाचं तिकीट निघालं. कॅनडाच्या गोलकीपरने स्वतःचं चित्र वापरू दिलं नाही, म्हणून तिकिटावर त्याच्या जर्सीचा रंग बदलला (बिचारा!). सुंदीन २००६ ला तुरिनमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचा कप्तान होता, पण त्या फायनलचा विजयी गोल संघातल्या लिडस्ट्रमचा.

मिसिसागाची माई: आणि पास कुणाचा? सुंदीनचाच!

जुना_लीफ: लीफ्सच्या साल्मिंगला विसरलात सगळे. १९७३ ला तो स्वीडनहून आला तेव्हा स्वीडिश खेळाडू म्हणजे भित्रे, असा इथे समज. त्याने मार खाल्ला, पण मागे हटला नाही. १९७६ च्या कॅनडा कपमध्ये तो स्वीडनकडून टोरोंटोत उतरला, तर इथलेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुंदीनला वाट आयती मिळाली. तरी त्याला जड गेलंच, कारण १९९४ च्या अदलाबदलीत त्याच्यासाठी वेंडेल क्लार्कला पाठवलं, आणि क्लार्क म्हणजे इथल्या लोकांचा जीव की प्राण.

डावखुरा बंड्या: साल्मिंगबद्दल वादच नाही. पण NHL मधला शेवटचा मोसम तोही डेट्रॉइटकडूनच खेळला.

मिसिसागाची माई: मग? त्याला कुणी नावं ठेवली का?