‘फँटम राइड’ : भुताची, मायेची की नुसतीच सफर?

रूळकरी : ‘हेल्स टूर्स’वरच्या एका लेखाचं भाषांतर चालू आहे. १९०५ साली जॉर्ज हेलने अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या इलेक्ट्रिक पार्क या करमणूक बागेत उघडलेला खेळ. दहा सेंट देऊन आगगाडीच्या डब्यात बसायचं आणि समोरच्या पडद्यावर इंजिनाच्या तोंडावरून घेतलेलं चित्रण बघायचं. या चित्रणाला ‘फँटम राइड’ म्हणत. मी ‘भुताटकीची सफर’ लिहिलं, तर शेरा आला : ‘यात भूत कुठे आहे?’ दुसरा शब्द सुचवा.

सांधेवाला : शेरा बरोबर आहे. कॅमेरा इंजिनाच्या पुढे बांधलेला, त्यामुळे चित्रात इंजिन येतच नाही. रूळ पायाखाली सरकतात, पण ओढणारं कोणी दिसत नाही, म्हणून ‘फँटम’. १८९७ चं हॅवरस्ट्रॉ बोगद्याचं चित्रण पाहा : बोगद्यात पडदा काळा होतो, मग पलीकडच्या तोंडाचा ठिपका मोठा होत जातो. शेवटच्या डब्यातून मागे तोंड करून घेतलेलं चित्रण या जातीत बसत नाही. तिथे जग दूर पळतं, अंगावर येत नाही. ‘अदृश्यगाडी’ म्हणा.

पानउलट्या : अदृश्यगाडी म्हटलं तर गाडी गायब झाली असं वाटेल. ‘मायासफर’ कसं आहे?

शुद्धमती : माया संस्कृत, सफर अरबी. असली जोडी कशाला? ‘मायायात्रा’.

पानउलट्या : यात्रेत देव लागतो. आणि अरबी नको तर ‘पडदा’ही फारसी आहे, तोही काढा. प्रेक्षक भिंतीकडे बघत बसतील.

सांधेवाला : नावापेक्षा खेळाची मांडणी बघा, शब्द तिथूनच निघेल. डब्याची पुढची बाजू उघडी. बाकं मागे उंच होत गेलेली, म्हणजे पुढच्याचं डोकं आड येत नाही. प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मागे, वर. खाली फिरता पट्टा, त्यावरचे उंचवटे आपटून रुळांच्या सांध्यांचा खडखडाट होई. डबा हलवायला वेगळी यंत्रणा, शिवाय वारा, घंटा, शिट्टी. खरी कसरत मेळ घालण्यात. चित्रात वळण डावीकडे असेल तर अंग उजवीकडे फेकलं गेलं पाहिजे. हेलकावा उलट दिला की भ्रम तिथेच मोडतो. प्रोजेक्टर हाताने फिरवायचा : फितीच्या फुटाला १६ चौकटी (फ्रेम), सेकंदाला साधारण १६ चौकटी, म्हणजे १,००० फुटांची फीत सुमारे १७ मिनिटं. हात भरभर चालला की चित्रातली गाडी धावते आणि खालचा खडखडाट मागे पडतो.

कोशकिडा : यात शब्द आयताच आहे. हेलच्या १९०५ च्या पेटंटचं नाव ‘प्लेझर रेल्वे’. मूळ कल्पना विल्यम कीफची, हेलने ती विकत घेतली. तर ‘मौजगाडी’! अरबीत ‘मौज’ म्हणजे लाट. डबा हेलकावे खातो, त्यामुळे दुहेरी जमतं.

शुद्धमती : मराठीत मौजेचा लाटेशी काही संबंध उरलेला नाही. व्युत्पत्ती सांगून अर्थ वाढत नाही.

रूळकरी : पण मौजगाडी डब्याला, म्हणजे खेळाला. मला चित्रणाला शब्द हवाय.

सांधेवाला : हा भेद पाळाच. फँटम राइड आधीची, हेलचा डबा नंतरचा. हा हेल मुळात अग्निशमन दलाचा प्रमुख, आणि फीत नायट्रेटची, भडकून पेटणारी. खेळ मागे पडला त्याचं एक कारण म्हणजे पुरेशा नव्या फिती मिळेनात. तोच बोगदा दहा सेंटांत किती वेळा बघणार? मग इंजिनावरच्या दृश्यांना दरोड्याची गोष्ट जोडली जाऊ लागली.

पानउलट्या : आपल्याकडे ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटातली गाडी पडद्यावर आली, ती प्रेक्षकांकडे येणारी. इथे प्रेक्षकच गाडीत. म्हणून ‘गाडीतून’ हा भाव शब्दात हवा. ‘इंजिनदृश्य’?

कोशकिडा : इंजिनदृश्य म्हणजे इंजिनाचं दृश्य. नेमकं उलट झालं, इंजिन तेवढं दिसत नाही!

रूळकरी : ‘मायासफर’ तूर्त ठेवतो. आणखी एक : दाराशी गणवेशात तिकिटं टोचणारा ‘कंडक्टर’. तसाच ठेवू?

शुद्धमती : कंडक्टर म्हटलं की एसटी दिसते. ‘वाहक’ लिहा.

सांधेवाला : वाहकही एसटीचाच. अमेरिकन गाडीतला कंडक्टर म्हणजे गाडीचा प्रमुख, आपल्याकडे २०२२ पर्यंत ज्याला गार्ड म्हणत तो.

पानउलट्या : गार्ड तिकिटं कधी टोचायला लागला? ते काम टीसीचं.

सांधेवाला : टीसीच्या हातात गाडी सोडायची शिट्टी नसते. या माणसाकडे दोन्ही कामं होती.

कोशकिडा : मग ‘गार्डसाहेब’ लिहा, आणि तिकिटं टोचू द्या त्यांना.

शुद्धमती : ‘साहेब’ अरबी.