डब्याआधी वरणाची वाटी मोजा

वजन उतरवायला व्हे प्रोटीनचा (दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीचा) डबा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घाई करू नका, आधी ताट बघा.

माझी आई म्हणायची, "रोज वरण खाते की!" एकदा तिच्या वाटीपुरती कच्ची तूरडाळ वजनकाट्यावर ठेवली. जेमतेम २० ग्रॅम! म्हणजे प्रथिनं साडेचार ग्रॅमच्या आसपास, वाटीत बाकी बहुतेक पाणीच. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे ७० किलोला सुमारे ५८. मग वरण घट्ट केलं, भात निम्मा केला, सकाळी पोह्यांऐवजी मुगाची धिरडी, चहासोबत बिस्किटांच्या जागी फुटाणे. अकरा वाजता लागणारी भूक थांबली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पावडर वाईट नाही. पण तिच्यातही उष्मांक असतात. एका स्कूपमध्ये साधारण १२०, वर दूध-केळं घातलं की जेवणावर जेवण. शिवाय जेवण कमी करताना स्नायू टिकवायचे तर प्रथिनांइतकाच व्यायामही हवा.

तुम्हाला मधुमेह आहे असं लिहिलंय, म्हणून कळकळीने सांगते : मधुमेहात मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असू शकतो, तेव्हा डबा फोडण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) तपासून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.