परतीच्या पावसात तैलबैला: ओल्या भेगेत कॅम धरतो का?

मुलुंडकर: मंडळी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार लोणावळ्याजवळच्या तैलबैल्याच्या कातळभिंतींवर ट्रॅड क्लाइंबिंगचा (आधाराची साधनं स्वतः भेगांत लावत चढण्याचा) बेत आहे. तिघे जण. 60 मीटरचा एक डायनॅमिक (ताणून झटका सोसणारा) दोर, नटचा (भेगेत अडकवायचे धातूचे ठोकळे) एक संच आणि पाच कॅम (भेगेत पाकळ्या उघडून दाबून बसणारी स्प्रिंगची साधनं) आहेत. सध्या सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी गडगडाट असं चाललंय. ओलसर कातळात कॅमवर किती विसंबावं? आणि माघार कधी घ्यायची?

डोंबिवलीकर: कॅम घर्षणावर टिकतो. खाली जेवढी ओढ बसते, त्याच्या साधारण दुप्पट जोराने तो भेगेच्या दोन्ही बाजूंना दाबतो. मध्ये चिखलाचा किंवा शेवाळाचा पातळ थर असला तरी तो सुळकन निघतो, आणि बाहेरून मात्र पक्का बसल्यासारखाच दिसतो. नटचं तसं नाही. तो भेगेच्या निमुळत्या जागेत अडकतो, त्यामुळे ओलीने फारसा फरक पडत नाही. म्हणून आधी नट लावा. कॅम समांतर भेगेतच, तोही नट टूल (नट काढायची हूकवाली पट्टी) आणि ब्रशने माती काढून, पाकळ्या अर्ध्याच्या आसपास मिटतील अशा मापाचा. त्याला 60 सेंटिमीटरची स्लिंग (पट्ट्याचा फास) जोडा, नाहीतर दोराच्या हालचालीने तो आत सरकत जातो.

त्याहून मोठी काळजी दगडाची. पावसाळ्यात भेगांत माती भरते, गवताची मुळं धोंडे सैल करतात. भेगेच्या दोन्ही बाजू मुठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे काहीच लावू नका, कारण कॅमच्या दाबानेच धोंडा सुटतो. सुरुवातीच्या 10 मीटरमध्ये दर दोन मीटरवर काहीतरी हवंच. पडलात तर जमीन जवळ असते.

बोरिवलीकर: मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे, म्हणजे तुमचा बेत ऐन बदलत्या हवेतला. घाटमाथ्यावर ढग बहुतेक दुपारीच वाढतात. पहाटे उजाडताच चढायला लागा आणि 12 वाजेपर्यंत सगळे खाली असा हिशेब धरा. रात्री आणि निघताना मुंबईच्या रडारचं चित्र आणि विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप बघा. भिंतीवर रेंजचा भरवसा नको, तिथे कान वापरा: वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत 30 सेकंद किंवा कमी म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. त्याच क्षणी उतरायला घ्या. खरं तर ढग फुलकोबीसारखे उंच चढू लागले की तेव्हाच निघावं, तिघांना उतरायला वेळ लागतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा चढू नका. कड्याचा माथा आणि कपारीचं तोंड, दोन्ही टाळा.

मुलुंडकर: एकाच दोरावर तिघांची माघार जमेल?

डोंबिवलीकर: 60 मीटरचा दोर दुहेरी केला की रॅपल (दोरावरून उतरणं) 30 मीटरचंच होतं. त्यामुळे टप्पे 30 मीटरच्या आत ठेवा, नाहीतर दुसरा दोर आणा. माझा आग्रह दुसऱ्या दोराचाच, तिसऱ्याचं बिलेही (चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणं) त्यावर होतं. माघारीसाठी 7 मिलिमीटरची सहा मीटर दोरी, चाकू आणि मागे सोडता येतील अशी दोन कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) ठेवा. किमान दोन पक्के नट जोडून अँकर (दोर अडकवायचा आधार) करा, शंका असेल तर तीन. नट मागे राहिला तर राहू दे. स्लिंगमधून थेट दोर सरकवत कोणाला खाली सोडू नका, नायलॉनवर नायलॉन घासून स्लिंग वितळते. दोराच्या दोन्ही टोकांना गाठ, आणि प्रूसिक (दोरावर आवळून धरणारा दोरीचा फास) प्रत्येकाचा.

शनिवारी दोर भिजला तर सावलीत पसरून वाळवा. ओला दोर झटके कमी सोसतो, रविवारी लीडला (सर्वात पुढे चढताना) कोरडाच घ्या. बूट चढण्याआधी फडक्याने कोरडे करा.

बोरिवलीकर: एक राहिलंच. कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर तो मार्ग सोडायचा. अत्तर, परफ्यूम, धूर काही नको. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.