जळगाव-धुळे एक्स्टेंशन: आवाज एकाच बाजूने का येतो?
जळगावचं ऑफिस आणि धुळ्याचं गोडाऊन यांचे फोन इंटरनेटवरून जोडले, घंटी वाजते पण आवाज एकाच बाजूने येतो, असा एकाचा प्रश्न आहे. ईपीएबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) बदलायची घाई अजिबात करू नका. घंटीचा निरोप एका पोर्टवरून (नेटवर्कमधल्या क्रमांकाच्या दारातून) जातो, आवाजाची पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे, दुसऱ्याच. ती बहुतेकदा राउटरमध्ये अडकतात. आधी राउटरमधलं ‘सिप एएलजी’ (इंटरनेट कॉलच्या निरोपांत फेरफार करणारं सेटिंग) बंद करा, दोन्ही ठिकाणं व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीने) जोडा. आमच्या चाळीसगावच्या जिनिंगमध्ये दोन दिवस नुसती ईपीएबीएक्सची कार्डं काढ-घाल केली, दोष निघाला सिप एएलजीच्या या एका टिकचा!

इंटरनेटची लाइनही बघा. आवाज डिजिटल करायच्या पद्धतींपैकी (कोडेक) जी.७११ ला एका कॉलमागे प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात, जी.७२९ ला ३१ च्या आसपास. त्याच लाइनवर कॅमेऱ्यांचं फुटेज जात असेल तर आवाजाला प्राधान्य लावाच, नाहीतर शब्द तुटतात.