रँग्लरचा हार्डटॉप घरच्या गॅरेजमध्ये उतरवून छताला टांगावा की जमिनीवर ठेवावा?

रानवाटा:

माझ्याकडे चार दारांची जीप रँग्लर आहे. कोरड्या ऋतूत तिचा हार्डटॉप, म्हणजे सुटे करता येणारे कडक छत, काढून ठेवावा आणि पाऊस सुरू होण्याआधी पुन्हा बसवावा, असे दोन वर्षांपासून मनात आहे. पुढच्या सीटांवरचे दोन सुटे पॅनेल मी एकट्याने सहज काढतो. अडचण आहे ती मागच्या मोठ्या भागाची. मागची काच धरून त्याचे वजन ६५ ते ७० किलोच्या आसपास भरते आणि आकार असा आहे की दोघांनी दोन बाजूंनी धरला तर मधल्या मध्ये तो मुरडल्यासारखा होतो. घरी आम्ही दोघेच असतो. त्यामुळे गॅरेजच्या छताला हुक लावून, एका चेनकप्पीने हार्डटॉप थेट गाडीवरून वर उचलावा, गाडी खालून बाहेर काढावी आणि हार्डटॉप तसाच वर टांगून ठेवावा, असा माझा विचार आहे.

आज टेप घेऊन मापे घेतली. जमिनीपासून स्लॅबपर्यंतची उंची २.६५ मीटर आहे. हार्डटॉपची खालची कडा ते त्याचा माथा हे अंतर ६५ सेंटिमीटर आहे. हार्डटॉप काढल्यावर गाडीचा सर्वांत उंच भाग म्हणजे रोल बार (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारी नळ्यांची चौकट), आणि तो जमिनीपासून १.७८ मीटरवर आहे. गॅरेजचे दार बाजूला उघडणारे असल्यामुळे छताखालची जागा मोकळी आहे. एवढ्या उंचीत हे काम बसेल का, आणि सहा-सात महिने टांगून ठेवल्याने हार्डटॉपचा आकार बिघडणार नाही ना, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

कप्पीदोर:

आपण खरेदीआधी मापे घेतलीत हे फार चांगले केलेत, कारण या कामात पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा उंचीचा हिशेब न केल्यामुळे. तो हिशेब आधी पाहू. गाडी खालून बाहेर जायची असेल तर हार्डटॉपची खालची कडा रोल बारच्या किमान पाच सेंटिमीटर वर हवी, म्हणजे १.८३ मीटरवर. हार्डटॉपच्या खालून आधाराची पट्टी जाणार असेल तर तिची जाडी आणखी पाच सेंटिमीटर धरा. म्हणजे कडा १.८८ वर आणि माथा २.५३ मीटरवर येतो. स्लॅबपर्यंत उरतात फक्त १२ सेंटिमीटर.

या १२ सेंटिमीटरमध्ये एका हुकाची चेनकप्पी बसत नाही. कप्पीची स्वतःची उंचीच त्याहून जास्त असते, आणि तेवढ्यावर भागत नाही. मधल्या एका हुकापासून दोन बाजूंना पट्टे सोडले की ते तिरके उतरतात, आणि ते जितके आडवे पडतील तितका त्यांच्यावरचा ताण वाढतो. दोन पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टा आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर त्याच्यावर एकूण वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. कोन ३० अंशांवर आला तर प्रत्येक पट्ट्यावर संपूर्ण वजनाएवढा ताण येतो. शिवाय हे आडवे पट्टे हार्डटॉपच्या दोन्ही कुशी आत दाबतात. हार्डटॉप म्हणजे खालून उघडे असलेले, फायबरग्लास मिसळून ओतलेले कवच आहे. वरून येणारे ओझे ते पेलते, पण बाजूंनी आवळलेले त्याला सोसत नाही. कोपऱ्यात बारीक केसासारखी चीर पडते आणि ती आतल्या बाजूला असल्यामुळे पुष्कळ दिवस लक्षातही येत नाही.

म्हणून आपल्या उंचीत चार दोरांची मांडणीच योग्य ठरेल. हार्डटॉपच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे हातभर जास्त लांब अशा दोन मजबूत पट्ट्या आडव्या घ्याव्यात आणि त्यांवर जाड फोम किंवा जुना गालिचा गुंडाळावा. पट्टीच्या प्रत्येक टोकापासून एक दोर सरळ उभा वर जाऊन छतातल्या कप्पीवरून वळेल, आणि चारही दोर भिंतीवरच्या एकाच विंचवर (दोर गुंडाळून ओझे उचलणाऱ्या यंत्रावर) येतील, म्हणजे चारही कोपरे एकसारखे उचलले जातील. कप्प्या हार्डटॉपच्या माथ्यावर न येता त्याच्या बाजूला राहतात, त्यामुळे ते १२ सेंटिमीटर पुरतात.

मात्र याच ठिकाणी आपल्या योजनेतला एक मोठा अडथळा आहे. अशा आडव्या पट्ट्या हार्डटॉप गाडीवर असताना खालून घातल्या, तर उचलताना त्या रोल बारखाली अडकतात. थेट गाडीवरून उचलणाऱ्या तयार संचांचे दांडे हार्डटॉपला पुढच्या आणि मागच्या टोकाशी धरतात, ते यासाठीच. तेव्हा माझा स्पष्ट सल्ला असा की गाडीवरून उतरवण्याचे काम माणसांनीच करावे. उत्पादकाच्या पुस्तिकेतही चार कोपऱ्यांना चार प्रौढ व्यक्ती हव्यात असे सांगितलेले आहे. वर्षातून दोनदा दोन शेजारी दहा मिनिटांसाठी बोलावणे अवघड नसते. हार्डटॉप दोन घोड्यांवर (सुतार वापरतात तशा चार पायांच्या आधारांवर) ठेवावा, गाडी बाहेर काढावी, मग पट्ट्या घालून विंचने वर न्यावा.

आता छतातल्या पकडीबद्दल. स्लॅबमध्ये धातूचे अँकर बोल्ट वापरावेत, प्लॅस्टिकचे बूच नव्हे. छिद्र पाडल्यावर आतली धूळ फुंकून पूर्ण काढल्याशिवाय अँकर नीट आवळत नाही. ड्रिल मध्येच सळईला लागली तर ती कापत न बसता जागा बदलावी. ज्यांचे छत लाकडी आहे त्यांनी वाशाच्या मध्यभागी आधी बारीक छिद्र पाडून मगच जाड स्क्रू बसवावा. फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला किंवा बोर्डाला काहीही टांगू नये.

पट्ट्यांसह ओझे ८५ किलो धरू. चार कोपऱ्यांवर ते प्रत्येकी २१ किलोच्या आसपास दिसते, पण एक दोर जरा सैल पडला की उरलेल्यांवर वाटणी बदलते, म्हणून प्रत्येक कोपरा संपूर्ण ओझे पेलेल असाच निवडावा. जिथे दोर काटकोनात वळतो त्या कप्पीच्या बोल्टवर दोरातल्या ताणाच्या सुमारे १.४ पट बळ येते. चारही दोर एकत्र वळणाऱ्या शेवटच्या कप्पीवर म्हणजे जवळजवळ १२० किलो. लोकांचे लक्ष हार्डटॉपवरच्या चार हुकांवर असते आणि निसटते ती ही कोपऱ्यातली कप्पी.

शेवटची गोष्ट मी कळकळीने सांगतो. विंच हे उचलण्याचे साधन आहे, महिनोन्महिने धरून ठेवण्याचे नाही. ब्रेक असलेलाच विंच घ्या, आणि हार्डटॉप वर पोहोचला की स्वतंत्र अँकरमधून सोडलेल्या चार साखळ्या पट्ट्यांना अडकवून ओझे त्यांच्यावर उतरवा. त्या गॅरेजमध्ये मुले खेळतात, आपण वाकून टायरची हवा बघतो, हे विसरू नये.

ओसरी:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु टांगणे हा एकच मार्ग आहे असे समजू नये. मी सहा वर्षे हार्डटॉप जमिनीवरच ठेवते आहे. पहिल्या वर्षी मी तो भिंतीलगत सतरंजीवर नुसता ठेवला होता आणि खालच्या रबरी सीलवर संपूर्ण भार आला. पाच महिन्यांनी उचलला तेव्हा सील जिथे टेकले होते तिथे ते चपटे, चकचकीत झाले होते आणि बोटाने दाबल्यावर पुन्हा फुगत नव्हते. हार्डटॉप बसवला, बोल्ट आवळले, सगळे ठीक दिसले. पहिल्या मोठ्या पावसात मागच्या सीटचा पट्टा खांद्याजवळ ओला लागला, आणि पाणी कोठून येते हे शोधण्यात दोन दिवस गेले.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. भार नेहमी कवचाच्या टणक कडेवर असावा. सीलवर किंवा काचेवर तो कधीही येऊ नये. त्यासाठी चाके असलेली लाकडी गाडी करून घेतली. तिच्यावर दोन लांब ठोकळे आहेत आणि सील जिथे येते तिथे त्यांना खाच पाडलेली आहे. उभा ठेवण्याच्या ट्रॉल्याही मिळतात आणि त्या जागा वाचवतात, पण उभ्या हार्डटॉपचा तोल उंचावर असतो, त्यामुळे तो पट्ट्याने भिंतीला बांधल्याशिवाय सोडू नये.

काढल्यावर हार्डटॉप साध्या साबणपाण्याने धुऊन, सीलच्या खाचांमध्ये बोट घालून तपासून, पूर्ण कोरडा करावा. गाड्यांची सीले बहुधा ज्या प्रकारच्या रबराची असतात ते पेट्रोलियमवर आधारित ग्रीसने फुगते आणि मऊ पडते, म्हणून सिलिकॉनच्याच ग्रीसचा पातळ थर बोटाने लावावा. वरून प्लॅस्टिक गुंडाळू नये, आतला दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. जुनी सुती चादर उत्तम. सुटे पॅनेल एकमेकांवर रचू नयेत. एकाची कडी दुसऱ्यावर ओरखडे पाडते. मध्ये कापड घालून ते उभेच ठेवावेत.

आपण आकार बिघडण्याबद्दल विचारले होते. आधार दोन्ही टोकांजवळ आणि सारख्या पातळीवर असेल तर सहा-सात महिन्यांत काही होत नाही. एक कोपरा खाली राहिला तर मात्र कवच हळूहळू पीळ घेते. आपण टांगणार असाल तर वर गेल्यावर चारही कोपऱ्यांचे जमिनीपासूनचे अंतर मोजा आणि महिन्याभराने पुन्हा एकदा मोजा.

पान्हा_दहा:

उतरवण्याच्या क्रमाबद्दल थोडे लिहितो. दोन्ही पुढचे पॅनेल आधी निघाले पाहिजेत, त्यांच्याआधी मागचा भाग सुटत नाही. त्यानंतर मागच्या डाव्या कोपऱ्यातला वायरिंगचा प्लग आणि काच धुण्याच्या पाण्याची नळी सोडवावी. प्लगला सरकती कुलूपपट्टी असते. ती आधी मागे सरकवावी, मगच प्लग ओढावा, आणि ओढताना वायरींना न धरता प्लगच्या अंगाला धरावे. चार जण उचलायला उभे राहिल्यावर "नळी काढली का?" हा प्रश्न मोठ्याने विचारण्याची सवय लावा, कारण ही नळी विसरणारे मी स्वतः तीन जण पाहिले आहेत.

बोल्ट चांदणीच्या डोक्याचे, म्हणजे टॉर्क्स असतात. आपल्या वर्षाच्या गाडीला कोणता क्रमांक लागतो तो पुस्तिकेत पाहावा आणि अंदाजाने लहान बिट घालू नये, डोके घासून जाते. पुन्हा बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन फेरे धरवून घ्यावेत आणि शेवटी आवळावेत. पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला तर बाकीची छिद्रे जुळत नाहीत आणि आटे कापले जातात.

रानवाटा:

सर्वांचे मनापासून आभार. रोल बारखाली पट्टी अडकेल ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती, आणि मी चेनकप्पी उद्याच घेणार होतो. आज संध्याकाळी दोन काठ्या आडव्या धरून गाडीशेजारी उभे राहून पाहिले, तेव्हा अडचण लगेच दिसली. आता असे ठरवले आहे की या वर्षी ओसरी यांच्यासारखी खाचेच्या ठोकळ्यांची गाडी करून हार्डटॉप जमिनीवरच ठेवायचा. उतरवायला माझे दोन मित्र येणार आहेत. छतातले अँकर आणि साखळ्या घाई न करता पुढच्या हंगामापर्यंत बसवीन, आणि वर नेल्यावर चारही कोपऱ्यांची मापे इथे लिहीन.

कप्पीदोर:

निर्णय योग्य आहे. अँकर बसवल्यावर हार्डटॉप लगेच टांगू नका. आधी वाळूच्या पोत्यांचे दीडशे किलो त्या पट्ट्यांवर, जमिनीपासून वीतभरच वर, एक दिवस लटकवून ठेवा आणि कोपऱ्यातली शेवटची कप्पी स्लॅबपासून जराही सुटली आहे का ते कागदाची पट्टी मध्ये घालून तपासा.