कर्मचारी आणि ग्राहकांना गिफ्ट कार्डे द्यावीत का, आणि दिल्यास व्यवस्था कशी ठेवावी?

प्रश्न विचारणारे: लघुउद्योजक

नमस्कार. आमची साठ-पासष्ट माणसांची, इतर कंपन्यांना सेवा पुरवणारी संस्था आहे. आतापर्यंत चांगल्या कामाबद्दल आम्ही पगारासोबत थोडी जादा रक्कम देत आलो आणि जुन्या ग्राहकांना वर्षातून एकदा एखादी वस्तू भेट पाठवत आलो. जादा रक्कम पगारात मिसळून जाते आणि ती मिळाल्याचे कोणाच्या फारसे लक्षातही राहत नाही. भेटवस्तू निवडण्यात आणि पोहोचवण्यात कार्यालयाचा वेळ जातो, आणि एवढे करून ती घेणाऱ्याच्या उपयोगाची असतेच असे नाही. म्हणून यापुढे दोघांनाही गिफ्ट कार्डे द्यावीत असे माझे मत झाले आहे. माझ्या भागीदारांचे म्हणणे मात्र असे की गिफ्ट कार्ड म्हणजे अटी घातलेली रोख रक्कम. मग सरळ रोखच का देऊ नये? त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे पटण्यासारखे उत्तर नाही. ज्यांनी अशी योजना चालवली आहे त्यांनी तिचे फायदे, हिशेबातील अडचणी आणि ग्राहकांच्या बाबतीत घ्यायची काळजी यांविषयी कृपया लिहावे.

मनुष्यबळ विभाग

आपल्या भागीदारांचा आक्षेप तर्काला धरून आहे, परंतु भेट घेणारा माणूस तिची केवळ किंमत पाहत नाही. सेबास्टियन कुबे, मिशेल मारेशाल आणि क्लेमेन्स पुप्पे या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे उपयोगी पडेल. ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद करण्याच्या तात्पुरत्या कामावर घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ठरलेल्या मजुरीपेक्षा सुमारे २० टक्के अधिक रक्कम अनपेक्षितपणे देण्यात आली, तर काहींना तेवढ्याच किमतीची थर्मासची बाटली देण्यात आली. रोख रकमेमुळे कामात विशेष फरक पडला नाही. बाटली मिळालेल्यांचे काम मात्र सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. रोख किंवा बाटली यांतून निवडायला सांगितले तेव्हा बहुतेकांनी रोखच घेतली, आणि तरीही त्यांचे काम बाटली मिळालेल्यांइतकेच वाढले. देणाऱ्याने आपला विचार केला आहे, एवढे जाणवणे त्यांना पुरेसे होते असे दिसते. नोटेची कलात्मक घडी घालून दिली तेव्हा रोख रकमेनेही तोच परिणाम साधला.

यावरून गिफ्ट कार्ड नेहमीच सरस ठरेल असे मी म्हणणार नाही. सर्वांना एकाच दिवशी संगणकातून आपोआप सुटलेला सोळा अंकी कोड आणि खाली यंत्राने जोडलेली दोन ओळींची शुभेच्छा, असे देणे असेल तर भागीदारांचे म्हणणे खरे ठरेल. त्यापेक्षा रोख बरी. मात्र ज्या व्यक्तीने अमुक ग्राहकाची तक्रार अमुक प्रकारे सोडवली, तिला तिच्या थेट वरिष्ठाने, त्या कामाचा स्पष्ट उल्लेख करून, फार दिवस न लोटता, चार-पाच पर्यायांतून निवडता येईल असे कार्ड दिले, तर तेवढ्याच खर्चात फरक पडतो. दीड महिन्यानंतर पोहोचलेले कार्ड कशाबद्दल होते हे घेणाऱ्याला आठवत नाही, आणि पुष्कळदा देणाऱ्यालाही आठवत नाही.

धोका आधीच जाहीर केलेल्या अटींमध्ये आहे. टिमथी गुबलर, इयन लार्किन आणि लमार पिअर्स यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका औद्योगिक लाँड्रीची हकिकत आहे. तेथे महिनाभर एकही खाडा न करता वेळेवर येणाऱ्या कामगारांची नावे सोडतीत घालून उपाहारगृहाचे गिफ्ट कार्ड दिले जाई. कामगार पात्र असेपर्यंत वेळ पाळत आणि एकदा उशीर होऊन नाव बाद झाले की उरलेल्या महिन्यात ढिले पडत. जे आधीपासून काहीही न मिळता वेळेवर येत होते, त्यांचा उत्साह कमी झाला, आणि एकूण उत्पादकता सुमारे १.४ टक्क्यांनी घसरली. जे काम माणसे आपण होऊन नीट करत आहेत, त्याला कार्डाची किंमत चिकटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लक्ष्य ठरवून द्यायचा मोबदला वेतनाच्या रचनेत असावा आणि कार्डे अनपेक्षित कौतुकासाठी राखून ठेवावीत.

हिशेबनीस

वरील प्रतिसादात देण्याची बाजू चांगली मांडली आहे; मी ठेवण्याची आणि नोंदवण्याची बाजू मांडतो. विकत घेतलेले परंतु अजून न वाटलेले कार्ड ही जवळजवळ रोख शिल्लकच असते. वीस-पंचवीस कार्डे टेबलाच्या खणात पडून असणे म्हणजे तेवढी रक्कम खणात पडून असणे, ही गोष्ट लेखापरीक्षक येईपर्यंत बहुतेक कार्यालयांच्या ध्यानात येत नाही. कार्डाचा क्रमांक, दर्शनी मूल्य, कोणाला, कशाबद्दल आणि कोणाच्या मंजुरीने दिले, आणि घेणाऱ्याची पोच, एवढे नोंदवहीत असलेच पाहिजे. खरेदी करणारा, सांभाळणारा आणि मंजुरी देणारा ही एकच व्यक्ती असू नये. खर्चाची नोंद कार्डे खरेदी केल्यावर लगेच न टाकता वाटपाच्या वेळी टाकावी, म्हणजे शिल्लक कार्डे ताळेबंदात दिसत राहतात.

कराच्या बाबतीत देशागणिक नियम वेगळे असल्यामुळे योजना जाहीर करण्यापूर्वी स्थानिक सल्लागाराला विचारणे अपरिहार्य आहे. हे नियम किती भिन्न असतात याची दोन उदाहरणे देतो. अमेरिकेत मालकाने कर्मचाऱ्याला दिलेले गिफ्ट कार्ड, रक्कम कितीही लहान असो, वेतन म्हणून करपात्र धरले जाते. किरकोळ वस्तूंना मिळणारी सूट त्याला मिळत नाही. ब्रिटनमध्ये ५० पौंडांपर्यंतची किरकोळ भेट करमुक्त असू शकते, पण ती रोखीत बदलता येणारी नसावी, करारात ठरलेली नसावी आणि केलेल्या कामाचा मोबदला म्हणून दिलेली नसावी. शेवटच्या अटीचा अर्थ असा की वाढदिवसाला दिलेले कार्ड सुटते आणि तेच कार्ड ‘उत्तम कामगिरीबद्दल’ असे लिहून दिले की करपात्र होते. कर लागत असेल तर तो भार कंपनी उचलणार की कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जाणार, हे आधी ठरवा. बक्षीस हाती पडल्यानंतर पुढच्या महिन्यात पगार कमी आलेला दिसणे फार वाईट वाटते.

आणखी एक मुद्दा मुदतीचा आणि विक्रेत्याच्या आर्थिक विश्वासार्हतेचा. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने कार्डाची मुदत किमान ५ वर्षे ठेवली आहे, पण अशी हमी सगळीकडे नाही. न वापरल्या गेलेल्या शिलकेचा लाभ कार्ड विकणाऱ्यालाच होतो, त्यामुळे आठवण करून देण्याची त्याला घाई नसते. दुकानदार कंपनी बुडाली तर कार्डधारक विनातारण धनको, म्हणजे तारण नसलेला देणेकरी-मागणीदार ठरतो आणि त्याचा पैसा मिळण्याची खात्री राहत नाही: जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधील एचएमव्ही ही संगीत व चित्रपट विकणाऱ्या दुकानांची साखळी दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेली, तेव्हा सुरुवातीला तिची गिफ्ट कार्डे स्वीकारणे बंद झाले आणि काही दिवसांनी निर्णय बदलून पुन्हा सुरू झाले. म्हणून मोठा साठा करू नये आणि सगळी कार्डे एकाच दुकानाची घेऊ नयेत.

पाळीप्रमुख

निवड करताना कर्मचाऱ्यांना एकदा विचारा, एवढेच सुचवतो. केवळ ऑनलाइन चालणारे कार्ड आमच्या पाळीतील अनेकांना दुसऱ्याकडून वापरून घ्यावे लागते आणि ते त्यांना कमीपणाचे वाटते. एका दुकानापुरते कार्ड त्या दुकानापासून लांब राहणाऱ्याच्या कामाचे नसते; कुठेही चालणाऱ्या कार्डावर काही ठिकाणी शुल्क कापले जाते आणि शेवटी उरलेली किरकोळ शिल्लक तशीच पडून राहते.

लघुउद्योजक

सर्वांचे आभार. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत चित्र बरेच स्पष्ट झाले. ग्राहकांविषयी कोणी लिहील का? आमचे ग्राहक मुख्यतः कंपन्या आहेत आणि आमचा संबंध त्यांच्या खरेदी विभागातील ठरावीक व्यक्तींशी येतो. शिवाय आम्ही पाठवत असलेल्या अभिप्रायाच्या प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांनाही छोटे कार्ड द्यावे, असा विचार आहे.

खरेदी विभागातून

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून स्पष्ट लिहितो. आपले बिल ज्याच्या सहीने मंजूर होते त्याच्या हाती कार्ड देणे म्हणजे त्याला अडचणीत टाकणे. संस्थेचे नाव छापलेली डायरी टेबलावर उघड राहते. कार्ड खिशात जाते, त्यावर रक्कम छापलेली असते आणि ते खासगी खरेदीसाठी वापरले जाते, त्यामुळे अनेक कंपन्यांच्या आचारसंहितेत लहान भेटवस्तूंना मुभा असली तरी रोख आणि तत्सम कार्डे पूर्णपणे निषिद्ध असतात. ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा तर खासगी कंपन्यांमधील व्यवहारांनाही लागू होतो, आणि आपल्या वतीने लाच दिली जाऊ नये यासाठी पुरेशी व्यवस्था न ठेवणे हा कंपनीचा गुन्हा ठरू शकतो. ग्राहक सरकारी असेल तर हा विचारच सोडून द्या. कराराचे नूतनीकरण किंवा निविदा चालू असताना कोणालाही काहीही पाठवू नये, अगदी रक्कम क्षुल्लक असली तरी.

कृतज्ञता व्यक्त करायचीच असेल तर तिचा लाभ व्यक्तीऐवजी संस्थेला मिळू द्यावा: पुढील बिलात सवलत, वाढीव सेवा किंवा त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण. त्यातूनही कार्डच द्यायचे असेल, तर आधी त्यांच्या भेटवस्तूंविषयीच्या धोरणाची लेखी विचारणा करावी आणि ते विभागप्रमुखाच्या नावे, पत्रासह, उघडपणे पाठवावे. आपला ग्राहक स्वतःच्या पैशाने सेवा घेणारी व्यक्ती असेल, तर यातील बहुतेक अडचणी उद्भवत नाहीत.

प्रश्नावलीचे कार्ड उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला द्यावे, मग उत्तर स्तुतीचे असो वा तक्रारीचे. पण ग्राहक-कंपनीतील व्यक्तींच्या बाबतीत तिथेही त्यांच्या धोरणाची अट लागू राहते. चांगला जाहीर अभिप्राय लिहिण्याच्या बदल्यात कार्ड देऊ नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार अभिप्राय चांगलाच किंवा वाईटच असावा या अटीवर मोबदला देण्यास मनाई आहे.

हिशेबनीस

एक गोष्ट राहिली. आपल्या संस्थेत कार्डे वाटली जातात हे बाहेर कळले की संचालकाच्या नावाने एक मेल येण्याची शक्यता असते: ‘मी बैठकीत आहे, फोन करू नका, ग्राहकांसाठी तातडीने दहा कार्डे घ्या आणि कोड खरवडून त्यांची छायाचित्रे पाठवा.’ फसवणुकीचा हा प्रकार जगभर चालतो, कारण कोड एकदा हातातून गेला की पैसे परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. खरेदीची विनंती मेलवर आल्यास संबंधित व्यक्तीच्या आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खातरजमा केल्याशिवाय एकही कार्ड घ्यायचे नाही, असा लेखी नियम करावा, आणि तो नियम पाळणाऱ्या लिपिकाला उशीर झाल्याबद्दल कोणी बोलणार नाही हे संचालकांनी स्वतः त्याला सांगावे.