मदत हवी आहे: बागवाल्यांच्या चर्चेसाठी सॉफ्टवेअर, पण मराठी शोध चालायला हवा

नमस्कार मंडळी. गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप १०२४ सदस्यांच्या मर्यादेला टेकलाय. मिरचीवरचा चुरडा-मुरडा (पानं आकसण्याचा रोग) दरवर्षी नव्याने विचारला जातो, कारण जुनं उत्तर कुणालाच सापडत नाही. म्हणून स्वतंत्र चर्चास्थळ काढायचंय.

पीएचपीबीबी हे चर्चास्थळाचं सॉफ्टवेअर साध्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर) चालवून पाहिलं. स्वस्त आणि भक्कम आहे, पण मोबाईलवर मंडळी कंटाळतात, आणि आमचे जवळजवळ सगळे मोबाईलवरच. डिस्कोर्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअरही लावून पाहिलं, ते सगळ्यांना आवडलं. त्याला किमान १ जीबी रॅमचा वेगळा सर्व्हर आणि ईमेल पाठवायची सोय लागते, तेवढं जमेल. देवनागरी सदस्यनामं सेटिंगमधून चालू करता येतात, तीही केली.

अडलंय ते शोधापाशी. डिस्कोर्समागच्या पोस्टग्रेस या डेटाबेसला मराठी विभक्ती कळत नाही. 'मिरची' टाकलं तर 'मिरचीवर' निदान सुरुवात जुळते म्हणून येतं, पण 'कीड' टाकल्यावर 'किडीने' कसं येणार? वेलांटीच बदलते! आणि बागकामात अर्धे प्रश्न किडीचेच.

सांभाळणारे आम्ही दोघंच, लिनक्स जेमतेम येतं. फेसबुक, टेलिग्राम नको. मजकूर आमच्याच ताब्यात हवा. फ्लारम हे असंच तिसरं सॉफ्टवेअर अजून पाहिलेलं नाही.

मराठीत चर्चास्थळ चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: सामान्यरूपं ओळखणारा शोध तुम्ही कशात आणि कसा बसवलात? की टॅग लावून भागवता?